बाबांनी चढवलेलं पाणी

बाबांनी जन्मभर केलेलं काम मी या आठवड्यात खरडून काढलं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

आमच्याकडे एक तलवार आहे. लढाईबिढाईचं विचारू नका, तसलं काही नाही. भावकीत कुणाचंही लग्न असो, नवरदेवाच्या हातात तीच असते. टोकाला लिंबू खोचलं की निघाली वरात.

आबा, म्हणजे माझे आजोबा, जाताना बाबांना म्हणाले होते, "तलवारीचं पाणी उतरू देऊ नको."

आता आमच्या बुरहानपुरात पाणी म्हणजे काय? सराफ अंगठीला चढवतो ते!

बाबांनीही तेच धरलं. दर दसऱ्याच्या आधी हार्डवेअरमधून सिल्व्हर पेंटचा छोटा डबा यायचा. नेपानगरच्या कागद कारखान्यातली ड्युटी करून आलेला दमलेला माणूस गच्चीवर बसून तलवारीला ब्रश मारायचा. जुन्या थरावर नवा थर.

शेवटी ती तलवार नाटकातली वाटायला लागली. लोक तोंडावर हसायचे.

बाबा एवढंच म्हणायचे, "आबाले शब्द दिला आहे मी." विषय बंद.

आता वर्ष सरलं म्हणून चुलतभाऊ पंकजचं लग्न काढलंय. काकूनं आईला फोनवर सरळ सांगितलं, "वहिनी, ती तलवार फोटोत बरी नाही दिसत. बँडवाल्याकडची भाड्यानं घेऊन घेतो."

आईनं फोन ठेवला. पोळ्या लाटायला गेली.

मला मात्र फार लागलं. बाबा गेले, आणि आता त्यांची तलवारही लग्नातून बाद?

पेंट रिमूव्हर आणलं. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा गच्चीवर अंथरला आणि बसले. वरचे थर फुगून सुटले. खालचे हटेनात. हात भरून आले, डोकं भणभणलं.

वैतागून निंबोल्याच्या आत्याला फोन केला. म्हटलं, आता गॅसवर धरते आणि जाळूनच टाकते तो पेंट.

आत्या ओरडलीच. "विस्तवाजवळ नको नेऊ वं! पाणी उतरून जाईन तिचं. आबा तेच तर सांगायचे!"

"कोणतं पाणी, आत्या?"

"लोखंडाचं! तापलं की पातं मऊ पडते."

म्हणजे आबांचं पाणी वरून चढवायचं नव्हतंच. मी फोन ठेवला.

हसू नाही आलं. राग आला. आबांचा, बाबांचा, त्या सिल्व्हरचा. अरे, एकदा विचारायचं तरी!

तेवढ्यात आई वर आली. "काय खरडून राहिली तू? तुझ्या बाबाच्या हातचं आहे ते."

तिला सगळं सांगितलं. ती पुठ्ठ्याशेजारी बसली. निघालेले पापुद्रे बोटानं गोळा करायला लागली.

"खरड. पण फेकू नको."

मग पुन्हा रिमूव्हर, पुन्हा खरडणं. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक. शेवटी मशीनच्या तेलाचा हात.

टोक लिंबानं खाल्लंय, तिथे खड्डे आहेत. बाकी पातं मात्र स्वच्छ निघालं. पेंटखाली गंज शिरलाच नव्हता. बाबांचं पाणी चुकीचं होतं, पण पातं राखलं त्यानंच.

वर नवीन काही चढवलं नाही. तेल पुरे.

काल काकू आणि पंकज आले. काकू म्हणाली, "काळपट दिसते गं."

खरंच दिसते.

पंकजनं मूठ धरली, पातं उन्हात फिरवून बघितलं. म्हणाला, "मोठे बाबांचीच नेईन मी. भाड्याची कॅन्सल."

आज सकाळी तापीवर गेलो. आईनं ते पापुद्रे कागदात बांधून सोबत आणले होते. सोडणार असेल, असं मला वाटलं. घाटावर बराच वेळ पुडी हातात धरून बसली.

आणि तशीच परत घेऊन आली. कपाटात, बाबांच्या शर्टांखाली ठेवलीय.



बाबा, तुमचं काम खरडलं, रागावू नका. शब्द तुम्ही पाळलात.

खूप दमला होतात. आता निवांत राहा.

नमस्कार, बाबा.