रिकामा मुलूख
परवा कपाटातल्या पुस्तकांना कुबट वास सुटला आणि धरमपेठेतलं ते जुन्या पुस्तकांचं दुकान आठवलं. परमुलखात वस्ती करायला निघालेल्या इंग्रजांसाठी छापलेलं एक दुर्मिळ माहितीपुस्तक तिथल्या दुकानदारानं एकदा मला नि बाबांना कौतुकानं उघडून दिलं. मी बाबांना मराठीत सांगत गेले: जमीन सुपीक, मुलूख रिकामा, पाणी कुठे ते तिथले लोक दाखवतील. बाबा म्हणाले, "रिकामा हाये, तं पाणी कोण दाखवून राहिलं वं?" दुकानदार हसला, बाबा हसले नाहीत. आमचं गाव प्रकल्पात गेलं, तेव्हा मोजणीवाल्यांना बाबांनीच विहिरीचं पाणी शेंदून पाजलं होतं. ते पिऊन त्यांनी आमची जमीन पडीक लिहिली. आता बाबा नाहीत. विहीर आहे, प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत, अजून प्रकल्पवाल्यांनाच पाणी पाजते आहे.