शिवाप्पांचा उंच गोठा

जळकोटजवळची ओढ्याकाठची जमीन विकताना शिवाप्पांनी मला फसवलं. ते आता हयात नाहीत, पण म्हणून मी हे वाक्य मऊ करणार नाही.

मी हायवेवर ट्रकवाल्यांना चहा विकत वर आलो. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. मला धाब्यासाठी स्वतःची जागा हवी होती. शिवाप्पा जमीन दाखवायचे ती चैत्रातच, तीही भर दुपारी, डोक्यावर ओला पंचा टाकून. "पावसाळ्यात जमीन बघू नये शेट, चिखलात मन लागत न्हाय," म्हणायचे. ओढा ठणठणीत कोरडा होता. मी भाव इतका पाडला की उठताना ते म्हणाले, "धोतर तरी ऱ्हाऊ द्या अंगावर." मला वाटलं, जिंकलो.

एकच गोष्ट खटकली होती. शेजारच्या वावरात त्यांचा म्हशींचा गोठा छातीएवढ्या दगडी जोत्यावर बांधलेला होता. म्हशींना चढायला मातीचा उतार केला होता. "अप्पा, गोठा एवढा उंच कशाला?" तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारत ते म्हणाले, "आमच्या म्हशीला वारं लागतं." मी हसलो.

पिलर उभे राहिले आणि नोटीस आली. पुराचं पाणी जिथवर येतं तिथवर सरकारी नकाशावर निळी रेघ असते आणि तिच्या आत बांधकाम करता येत नाही. माझी सगळी जागा आत होती. मी तसाच अप्पांच्या अंगणात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. ते धार काढत होते. उठले नाहीत.

"पाणी येतं हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"तुमी भाव इचारला शेट. पाणी कुठं इचारलं?"

दुसऱ्या दिवशी हाच माणूस भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून माझ्या पिलरखाली येऊन बसला. "शिव्या द्या, पण उपाशी पोटी नको," म्हणाला. जेवता जेवता त्यांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट केलं. तिथं तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचं मंगल कार्यालय आहे. "पाणी आधी तितं शिरतं, मग हिकडं."

मी नकाशा काढून बघितला. निळी रेघ काठाकाठानं नीट येते, मंगल कार्यालयापाशी आली की अदबीनं ओढ्याकडं सरकते, कार्यालय बाहेर सोडते आणि पुढं पुन्हा वळून माझे पिलर पोटात घेते.

मी नोटिशीवर हरकत घेतली, तुळजापूरला सुनावणी लागली. अप्पा न बोलावता आले. चारचौघांसमोर उभे राहून म्हणाले, "सायेब, ह्या मानसाला म्या फसवलं. पाणी येतंय ठावं असून जमीन इकली. पर त्या कार्यालयातबी पाणी येतंय. माझा पयला गोठा तितंच हुता, दोन म्हशींसकट वाहून गेला."

साहेब म्हणाले, "आजोबा, तोंडी चालत नाही. नकाशात आहे तेच खरं."

"मग पाण्याला नकाशा दावा," अप्पा म्हणाले आणि टोपी सारखी करून बाहेर पडले.

मला त्यातही डाव दिसला. परतीच्या एसटीत मी विचारलं, "कार्यालयवाल्याशी तुमचं जुनं भांडण आहे ना?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाय की. म्हणून पाणी खोटं झालं व्हय?" त्यांनी साक्ष माझ्यासाठी दिली, वाहून गेलेल्या म्हशींसाठी की त्या भांडणासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझे पिलर पाडले. पुढच्या पावसाळ्याआधी अप्पा गेले. आणि त्याच पावसाळ्यात ओढा चढला. मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो. मंगल कार्यालयाच्या खुर्च्या एकेक करून दारातून बाहेर तरंगत आल्या. इकडं अप्पांच्या जोत्याच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं आणि वर म्हशी रवंथ करत बसल्या होत्या.

अप्पा लबाड होते. पण आपल्या लबाडीचा जबाब त्यांनी भरल्या खोलीत उभं राहून दिला. ज्यानं ती रेघ मंगल कार्यालयाला वळसा घालून ओढली आणि ज्यानं ती ओढून घेतली, त्या दोघांनी आता त्याच खोलीत उभं राहावं. रेघ तिथंच का वाकली, एवढंच सांगावं. पाणी मी या वेळी स्वतः विचारणार आहे.