लाल गाडीला लावलेला कान

दोन हजार चार साल. माझं वय एकसष्ट. त्या वर्षी जे केलं ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, ती गेली. मुलाला सांगितलं नाही, तो आहे. तुम्हालाच का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं बरंय.

चौथीपर्यंत शिकलो. कसबा पेठेत माझं गॅरेज होतं. एका वेळी एकच गाडी आत मावायची, पण नाव मोठं होतं. जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी माझ्याकडे आणत. मी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचो, मूठ कानाला लावायचो, डोळे मिटायचो. मग म्हणायचो — घ्या. नाहीतर — नका घेऊ. कारण विचारलेलं मला खपायचं नाही. 'आप्पांनी कान लावला का?' असं लोक एकमेकांना विचारायचे. ते ऐकायला मला फार आवडायचं. आता खोटं कशाला बोलू?

त्या वर्षांत कोथरूडकडची कॉम्प्युटरवाली पोरं यायला लागली होती. त्यातलाच एक प्रशांत. मूळचा यवतमाळचा, इथे आयटीत नोकरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोचं नाव रेवती. तो एक लाल गाडी घेऊन आला. दोन सीटांची, जमिनीला पोट टेकेल अशी, परदेशी. आधीच्या मालकाने वैतागून काढलेली. दलालाने दोन दिवस चालवून बघायला दिली होती. गल्लीतली पोरं, बायका, समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन — सगळे बाहेर आले. मीही हात पुसत उठलो. तसं मी कुणाच्या गाडीसाठी उठत नसे.

"काका, चालू झाली ना, तर वाघ आहे," प्रशांत म्हणाला. "नाही झाली, तर म्हैस."

"दोन दिवसांतला दीड दिवस म्हैसच होती जी," रेवती म्हणाली. "याला गाडी नाही पाहिजे, काका. याला लोकांनी पाहायला पाहिजे."

तो हसला, पण मला दिसत होतं, त्याचा जीव गाडीत अडकला होता. आणि हिचं मन नव्हतं. घरी बरंच वाजलं असणार. शेवटी दोघांनी ठरवलं होतं — आप्पा म्हणतील ते. घ्या म्हटलं तर ती पुन्हा बोलणार नाही. नको म्हटलं तर तो नाव काढणार नाही. म्हणजे सगळं माझ्यावर. मला काय वाटलं असेल त्या वेळी? छाती फुगली. दुसरं काही नाही.

मग ती म्हणाली, "काका, गाडी पळायला लागली की मागून काहीतरी गुणगुणतं. डाव्या चाकाकडून. बारीक. याला ऐकू नाही येत, हा इंजिनच ऐकत बसतो."

आता इथं मला थांबावं लागतं.

— त्याआधी दोन वर्षांपासून मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. जाड आवाज यायचे. बारीक आवाज गेले होते, दोन्ही कानांतून. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी तिच्यावर ओरडायचो, की तूच हळू बोलतेस. गिऱ्हाईकाच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकलो होतो. आणि गाड्यांचं? गाड्या मी अंदाजाने सांगत होतो. दोन वर्षं. कुठली गाडी कुणी किती वापरली असेल, मालक कसा आहे, पत्रा कसा आहे — त्यावरून. बहुतेक खरं निघायचं. डोळे मात्र मिटायचो, पूर्वीसारखेच.

लाल गाडी जॅकवर चढवली. डावं मागचं चाक हाताने गरगरा फिरवलं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकामागे आसाला टेकवलं, मूठ कानाला. चाकाच्या आतलं बेरिंग खराब असलं की दळणासारखी बारीक खरखर येते. कुठल्याही धडधाकट माणसाला ऐकू येते. मला काही आलं नाही. काहीच नाही — चांगलं बेरिंग असतं तरीही आलं नसतं.

कान नव्हता, तर हात होते ना? चाक खालीवर धरून हलवता आलं असतं. खोलता आलं असतं, अर्ध्या दिवसाचं काम. पण आप्पांनी चाक खोललं, म्हणजे आप्पांना कान लावून कळलं नाही. एवढे लोक बघत होते. न्हावी बघत होता.

मी डोळे उघडले आणि म्हणालो, "टायरचा आवाज आहे, ताई. असल्या गाडीत बसायची तुम्हाला सवय नाही."

लोक हसले. ती लाजली — मला ते दिसलं. मग मी प्रशांतला म्हणालो, "घ्या."

पुन्हा ती एक शब्द बोलली नाही. दिलेला शब्द पाळणारी बाई होती.

तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, कात्रजच्या घाटात उतारावर ते मागचं डावं चाक निखळलं. गाडी फिरून डाव्या अंगाने कठड्यावर आदळली. रेवती जागच्या जागी गेली. प्रशांतचा हात मोडला, बाकी धड राहिला.

चौकीच्या आवारात गाडी ओढून आणली होती. मी एकटाच जाऊन बघून आलो. आत हात घातला. बेरिंग जळून निळं पडलं होतं, गोळ्यांचा भुगा झाला होता. ते एका दिवसात होत नाही. तीन महिन्यांतही होत नाही. माझ्याकडे आली तेव्हा ती गाडी ओरडत असणार. कुणाला काही न सांगता मी बसने घरी आलो.

सगळ्यांनी वेगाला दोष दिला. रेवतीच्या वडिलांनी जावयाचं तोंड बघायचं सोडलं. तेराव्यानंतर तो माझ्याकडे आला, हात गळ्यात अडकवलेला. दाढी वाढलेली. दारातच उभा राहिला.

"काका, ती म्हणत होती तो आवाज — तुम्ही ऐकला होता ना? होता का काही?"

काय बोलायचं होतं मला? फक्त 'असेलही, मला ऐकू येत नाही' — एवढंच. त्या पोराने उरलेला जन्म निदान निम्म्या ओझ्याने काढला असता. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो, शब्द नीट कळले होते, चुकीला जागा नव्हती.

"गाडी ठणठणीत होती," मी म्हणालो. "किती वेगात होतास?"

तो म्हणाला, "आठवत नाही, काका." मान हलवली आणि गेला. आजतागायत तो असंच धरून चालला असेल की बायकोला त्यानेच मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला गॅरेज उघडलं. समोरचा न्हावी नुकताच दुकान झाडत होता. त्याने काही विचारलं नव्हतं. मीच रस्ता ओलांडून गेलो आणि त्याला सांगितलं, की पोरगं माजलं होतं, गाडीत काही दोष नव्हता.