सिद्धेश्वर सेक्रेटरीची तहकूब सभा

सिद्धेश्वर सव्वीस वर्षं दूध संस्थेचा सेक्रेटरी होता. नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या गावात एके काळी सकाळचं चारशे लिटर दूध गोळा व्हायचं. दुष्काळात, जनावरांच्या चारा छावण्यांच्या साली, ते अकरा लिटरवर आलं, आणि त्यातलंही दोन लिटर माणसं चहापुरतं म्हणून परत मागून न्यायची. सेक्रेटरीला काम उरलं नाही. बसून बसून त्याचं डोकं गरगरायला लागलं.

केजच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून भुवया वर केल्या.

"गोळ्या देतो. पण रोज एका वहीत लिहीत जा. झोप किती झाली, चाललात किती, राग किती वेळा आला, मन कसं होतं. काय करायचं ठरवलंय आणि मनात काय राहून गेलंय, तेही लिहा."

हे ऐकून सिद्धेश्वरचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरनं पुन्हा एकदा पट्टा बांधून बघितला.

येताना त्यानं दोनशे पानी वही घेतली. संस्थेची प्रोसिडिंगची वही कोरी पडली होती, पण संस्थेच्या कागदावर घरचं लिहिणारा तो माणूस नव्हे. पहिल्या पानावर त्यानं पोटनियम लिहिले. सभा रोज संध्याकाळी सात वाजता, चुलीपुढं. सभासद दोन, गणपूर्ती दोन. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब; तीच सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची गरज राहणार नाही. झालेला ठराव रद्द करायचा तर सात दिवसांची नोटीस.

"दुसरा सभासद कोन?" गंगासागरनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"तू."

"माझी भाकर करपायलीय."

"करपू दे. तुझी हजेरी लागली."

ठराव क्रमांक एक, पहाटे पाचला उठणे, सर्वानुमते मंजूर. ठराव दोन, रोज फाट्यापर्यंत चालणे, मंजूर. ठराव तीन, तंबाखू बंद करणे, पुढील सभेवर. ठराव चार, राग महिन्यातून फक्त चार वेळा. हे चार राग तीन तारखेच्या दुपारपर्यंत संपले. चार तारखेला जादा सहा राग मंजूर करून घेताना तो अनुमोदकावर एवढा ओरडला, की त्यातला एक तिथंच खर्ची पडला.

मनाची नोंद तो दुधासारखी करायचा, कारण प्रत लावायची दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. "मन: चांगले." "मन: आंबट." एकदा तर "मन: नासलेले, परत पाठवले."

आणि मनात काय राहून गेलं, त्या रकान्यात रोज एकच शब्द असायचा. अण्णा. त्यापुढं लिहिलेलं असायचं, "पुढील सभेत विचार व्हावा."

अण्णा म्हणजे शिवशरण, त्याचा थोरला भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. अकरा वर्षांपूर्वी संस्थेच्या वार्षिक सभेत अण्णानं उभं राहून विचारलं होतं, "आमचा सिद्धू मशीन लावून फॅट काढतोय, का दुधात बोट बुडवून सांगतोय?" सगळी सभा हसली. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. अगदीच गरज पडली तर म्हशींमार्फत बोलायचे. "चंद्रे, काही लोकांनी आपल्या दारातला नळ चालू सोडलाय बरं का," असं सिद्धेश्वर आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगायचा, मग भिंतीपलीकडं अण्णा आपल्या म्हशीला उत्तर द्यायचा.

त्या शनिवारी कळलं, की अण्णा उद्या जनावरं घेऊन आष्टीकडच्या छावणीत चाललाय. सत्तरीतला माणूस, एकटाच. पाऊस पडल्याबिगर माघारी येणार न्हाई म्हणाला.

संध्याकाळी सात वाजता गंगासागरनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "आज माझा इषय हाय. अण्णाला भेटणे."

"तो पुढील सभेत."

"पुढच्या सभेला अण्णा छावनीत असतेल. तुमी कावून असं करता वो?"

सिद्धेश्वर उठला. चपला घातल्या. "मी सभात्याग केला. गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब!" असं म्हणून तो बंकटच्या हॉटेलात जाऊन बसला. कशी जिरवली, या आनंदात दोन चहा प्याला.

घरी आला तर वही उघडी. गंगासागरचं चौथीपर्यंतचं अक्षर, पण मुद्दा सोडलेला नाही.

"साडेसात वाजता तहकूब सभा भरली. हजर एक. ठराव क्रमांक एकवीस. सिद्धेश्वर यांनी उद्या सकाळी अण्णाच्या घरी जाऊन चहा पिणे. सूचक, गंगासागर. अनुमोदक, चंद्री. सर्वानुमते मंजूर."

"चंद्री?" तो किंचाळला. "म्हैस सभासद हाय का?"

"दूध संस्थेत पयल्यापासून तिलाच सभासद करायला पायजे होतं. दूध ती देती, सह्या तुमी करता."

"ठराव बेकायदा हाय! रद्द करायचा!"

"करा की. सात दिवसांची नोटीस काढा. अण्णा सकाळीच चाललेत."

सिद्धेश्वरनं पहिलं पान काढलं. स्वतःच्या हातचे पोटनियम दोनदा वाचले. कुठंच फट नव्हती. वर सव्वीस वर्षांत मंजूर ठरावाची अंमलबजावणी त्यानं कधी चुकवली नव्हती. त्या दिवशीच्या पानावर त्यानं लिहिलं, "मन: तपासणीसाठी राखून ठेवले."

सकाळी अण्णाच्या दारात ट्रक लागलेला. जनावरं चढवून झाली होती. सिद्धेश्वर वही छातीशी धरून गेला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून, नोटीस वाचावी तसा, ठराव क्रमांक एकवीस खड्या आवाजात वाचला.

अण्णा पेंढीवर बसून ऐकत होता. "सूचक कोन?"

"गंगासागर."

"अनुमोदक?"

सिद्धेश्वरनं ट्रकच्या चाकाकडं बघितलं. "म्हैस."

अण्णाचं पोट आधी हाललं, मग खांदे. "तुझ्या संस्थेत शहानी मानसं आलीत बे," तो डोळे पुसत म्हणाला. "पर चहाला दूध न्हाई. दुभती ट्रकात चढलीत."

"ठरावात नुसता चहा हाय. दुधाचा उल्लेख न्हाई."

काळा चहा आला. दोघं पेंढीवर शेजारी बसले. सिद्धेश्वरनं बशीत ओतला, थोडा वेळ बघत राहिला, मग हळूच एक बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि गंभीरपणे म्हणाला, "फॅट शून्य, अण्णा."

ट्रकवाल्यानं तीन वेळा हॉर्न दिला, तरी अण्णाचं हसू थांबेना. शेवटी ड्रायव्हरनं दोघांनाही वर घेतलं, कारण एकजण दुसऱ्याला धरल्याशिवाय चढू शकत नव्हता.

संध्याकाळी सातला गंगासागरनं वही उघडली. "सेक्रेटरी छावणीत. गणपूर्ती नाही. सभा तहकूब," असं लिहिलं. घड्याळ समोर ठेवून अर्धा तास लसूण सोलला. मग बरोबर साडेसातला तिनं पुढील सभेवर रखडलेला तंबाखूचा विषय घेतला.