बांधणाऱ्यानंच सोडायची

हिंगणीत कोणाचं हाड मोडलं की पाय आपोआप तानबाच्या अंगणाकडं वळायचे. म्हातारा आधी खेकसायचा, "डोये घरी ठेवून चालता काय बे?" आणि मग इतक्या हलक्या हातानं हाड बसवायचा की माणूस ओरडायचं विसरून जाई. कुंपणावरची हाडजोडीची वेल ठेचून लेप, वर बांबूच्या कामट्या, त्यावर घट्ट पट्टी. पैसा घ्यायचा नाही. अट एकच, बापाकडून आलेली: ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्यानं हात लावला तर बांधणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. लोक उतावीळपणे पट्टी उकलतात आणि बसवलेलं हाड सरकतं, म्हणून बापानं ही भीती घातली असेल. पण तसं त्यानं कधी सांगितलं नाही, आणि तानबानं कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात गोपिका बांधावरून पडली. भेंडी, चवळी तोडून बाजारात विकणारी बाई, उजवा हात मनगटाच्या वर मोडलेला. हात सुजत चालला होता, अजून सुजणार हे तानबाला कळत होतं. पट्टी जरा सैल ठेवायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला गिरडला निघायचं होतं. टेकडीवरच्या दर्ग्यात दोन रात्री मुक्काम, हा त्याचा दरवर्षीचा नेम. मागं ढिली पडू नये म्हणून त्यानं उलट चांगली आवळली. "आलो का पाह्यतो," म्हणाला. फोनही घरीच विसरला.

तिसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा गोपिकाचा नवरा रूपराव अंगणात बसून होता. तानबाची बायको रुख्माबाई रडवेली झाली होती. "हे चार डाव येऊन गेले. बोटं सुन्न पडले म्हणते. मी काऊन हात लावू? तुमी बांधली होती."

तानबा आल्यापावली तसाच धावला. पट्टी सोडली तर बोटं काळीनिळी, गार. आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, "माह्या हातचं नाई हे. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या इले, आत्ताच." डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण हात कोपराखाली कापावा लागला.

गाव म्हणालं, तिचं नशीब फुटकं, तानबाच्या औषधाला दोष नाही. हे ऐकून त्याचं काळीज आणखीच जळायचं. गुन्हेगाराला गावजेवणात पहिल्या पंगतीला बसवल्यासारखं वाटायचं.

महिन्यानं तो तिला भेटायला गेला. शिव्या खायच्या तयारीनंच गेला होता. ओसरीवर बसून खाली बघत त्यानं विचारलं, "कोनीच काऊन सोडली नाई वं?"

"यायनं कैची आनली होती," गोपिका म्हणाली. "मीच हात मांगं घेतला. म्हटलं, तुमच्या हाताचा गुण गेला तं गावानं कोनाकडं जावं?"

तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर तानबाला बरं वाटलं असतं.

"बसा बाबा, चा मांडतो," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं काडीपेटीशी झटापट करू लागली. तानबानं पुढं होऊन काडी ओढून द्यायला हात उचलला. त्याच्या हातात लागोपाठ दोन काड्या मोडल्या, त्यालाही काडी पेटवता आली नाही.