जावयाच्या गाडीचा ऑइल बोल्ट

“ठोकायचं न्हाई, दिगंबर. आवाज बिलकुल न्हाई पायजे.”

मन्मथअप्पा माझ्या डोक्यावर ओणवे होऊन कुजबुजत होते. मी त्यांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एका मोटारसायकलच्या बुडाशी आडवा पडलो होतो. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी.

“अप्पा, हा बोल्ट न ठोकता निघायचा नाही.”

“डिझेल सोड, रॉकेल सोड, काय बी कर. आत जावई झोपलेत.”

माझं लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. तुटलेलं जोडायचं आणि अडकलेलं सोडवायचं, एवढाच धंदा. डाळमिलचा शाफ्ट येतो, हॉस्पिटलचं स्ट्रेचर येतं, एकदा तर तबल्याची हातोडी आली होती. अप्पा माझे जुने गिऱ्हाईक. गोलाईच्या बाजारात त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. दुकानाचं शटर, वजनकाटा, सगळं माझ्याकडं. पण गाडी कधीच नाही. त्यांच्या मोपेडचं सगळं काम ते स्वतः घरी करत. वर सांगत, “गाडी मिस्त्रीला दाखवायची म्हणजे आपल्या म्हशीची धार शेजाऱ्याला काढायला लावायची.” हे ते मला, म्हणजे एका मिस्त्रीलाच, चहा पाजून सांगत.

त्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. “हत्यारांची पिशवी घेऊन ये. मागच्या दारानं ये.”

अधिक महिना होता. अप्पांची मुलगी शिवकांता आणि जावई विश्वनाथराव नांदेडहून धोंड्याच्या जेवणाला आले होते. येताना गाडीवरच आले, लोहा-अहमदपूर करत. गाडी अप्पांनीच लग्नात दिलेली. जावई पुरणाचे धोंडे, वर तूप, असं जेवून कूलरपुढं आडवे झाले. अप्पांनी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल डांबरासारखं काळं. अप्पांच्या मनात आलं, आपण जावयाला चांदीची वाटी दिली, कपडे दिले, आता त्यांची झोप होईपर्यंत ऑइलही बदलून देऊ. उठल्यावर चकित होतील.

चकित आधी अप्पाच झाले.

इंजिनच्या खाली एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं ऑइल गळून जातं. अप्पांनी पाना लावला, बोल्ट हलेना. पान्याला लांब पाइप लावून जोर केला. जास्त लांबीला जास्त ताकद मिळते, हे खरं आहे. पण ती ताकद कुठं जाते ते पान्याला कळत नाही. बोल्टची सहा टोकं घासून मुंडकं सुपारीसारखं गोल झालं. मग धरायला काही उरलं नाही.

मी आधी डिझेल सोडलं. बोल्टवर ज्या वळत्या रेघा असतात त्यांना आम्ही आटे म्हणतो. आट्यांत गंज धरला असेल तर डिझेल झिरपतं आणि पकड सुटते. थोडा वेळ थांबलो. दात असलेली पक्कड लावली. पक्कड घसरली आणि माझं कोपर फरशीवर आपटलं.

“हळू की!” अप्पा म्हणाले. कोपराबद्दल नव्हे, आवाजाबद्दल.

छिन्नीला फडकं गुंडाळून दोन ठोके दिले. बोल्ट जागचा हलला नाही. मला जरा नवल वाटलं. एवढा हट्ट गंजलेला बोल्टही करत नाही.

“अप्पा, गाडी वर्कशॉपला न्यावी लागंल. वेल्डिंग लागतंय.”

“वेल्डिंग? इंजिनला?” त्यांनी भिंतीचा आधार घेतला. “दिगंबर, ह्यांना म्या पहिल्या दिवाळीपास्नं सांगत आलोय, पुरुषानं आपल्या गाडीचं ऑइल आपण बदलावं. आता ह्यांनी बघितलं तर माझी काय इज्जत राहील?”

“म्हणून तर नेऊ म्हणतो.”

अप्पांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन बायकोला सांगितलं, “जावई उठले तर सांग, गाडी धुवायला नेलीय.” अक्का आत भांडी लावत होत्या. त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते मला कळलं नाही. आम्ही गाडी ढकलत बाहेर काढली.

वर्कशॉपला मी बॅटरीची वायर सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, ओलं पोतं जवळ घेतलं. वेल्डिंगच्या उजेडाकडं उघड्या डोळ्यानं बघू नये म्हणून अप्पांना समोरच्या हॉटेलात चहाला पिटाळलं. गाडी दोन जुन्या टायरांवर कलती केली आणि बोल्टच्या गोल मुंडक्यावर एक मोठा नट ठेवून दोन्ही वेल्डिंगनं एक केले. याचे दोन फायदे. एक, पाना लावायला नवी टोकं मिळतात. दुसरा, बोल्ट तापून फुगतो आणि निवताना आक्रसतो, तेवढ्यात त्याची पकड ढिली होते. अडकलेल्या बोल्टला यापेक्षा चांगलं औषध माझ्या माहितीत नाही.

पण या वेळी एक वास आला. ऑइलचा नव्हे. जळक्या प्लास्टिकचा.

पाना लावला. बोल्ट कर्रकन सुटला आणि फिरत फिरत न येता सरळ ओढल्यासारखा बाहेर आला. त्याच्या आट्यांत पांढरी, कडक लांबी भरलेली. टाकी गळत असेल तर भोक बुजवायला लावतात ती. इंजिनच्या भोकात टॉर्च मारून पाहिलं. आटे नव्हतेच. भोक गुळगुळीत. म्हणजे आधी कुणीतरी आवळून आवळून आतले आटे खाल्ले होते आणि मग बोल्ट चिकटवून टाकला होता. अप्पा फक्त मुंडक्याचे गुन्हेगार होते. मूळ गुन्हा जुना होता.

मी पकडीनं बोल्ट टेबलावर ठेवत होतो, तेवढ्यात अप्पांची मोपेड दारात येऊन थांबली. वरून विश्वनाथराव उतरले. केस विस्कटलेले, पायात अक्कांची चप्पल.

“काका, थांबा! ऑइलचा बोल्ट काढू नका!”

“काढला.”

ते मटकन स्टुलावर बसले. गाडी धुवायला नेल्याचं अक्कांनी सांगितलंच नव्हतं. ‘दिगंबर मिस्त्रीकडं नेलीय, ऑइल बदलायला,’ असं सरळ सांगितलं होतं.

“लांबी तुम्ही लावली?” मी विचारलं.

“हाव.” त्यांनी आधी रस्त्याकडं बघून घेतलं. “मामा सारखे म्हणून राहिले होते ना, आपल्या गाडीचं ऑइल आपण बदलावं. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं. बोल्ट बसवताना वाटलं, ढिला राहिला तर? म्हणून अजून जरा आवळला. मग अजून जरा. मग तो नुसताच फिरायला लागला.”

“मग मिस्त्रीकडं का नाही गेलात?”

“नांदेडला मामांच्या ओळखीचे लई लोक आहेत. कुणीतरी सांगितलं असतं. वरून ऑइल टाकत गेलो, खाली हात लावला नाही.”

इथपर्यंत मला हसू येत होतं. पुढं नाही आलं.

“विश्वनाथराव, शिवकांता मागं बसली होती ना सकाळी? हा बोल्ट रस्त्यात पडला असता तर ऑइल मिनिटाभरात खाली. इंजिन जाम. मागचं चाक जाम. तेही गाडी पळत असताना. पुढं काय होतं ते मी सांगत नाही.”

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, “खरंय. मला हे सुचलंच नव्हतं. मला नुसती मामांची भीती होती.” थोड्या वेळानं पुन्हा, “काका, पण मामांना सांगू नका.”

अप्पाही चहाला जाताना हेच सांगून गेले होते. “मुंडकं म्या घासलं हे जावयाला कळू देऊ नको.” आता एकाच बोल्टची दोन गुपितं माझ्याकडं होती. मुंडक्याचं सासऱ्याचं, आट्यांचं जावयाचं.

अप्पा रस्ता ओलांडताना दिसले. विश्वनाथरावांनी चटकन माझ्या टेबलावरून बोल्ट उचलला आणि खिशात टाकला. लांबीचा पुरावा नाहीसा करायचा होता. बोल्ट नुकताच वेल्डिंगमधून निघालेला आहे, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते एका पायावर नाचत होते.

“काय झालं, विश्वनाथराव?” अप्पा धावत आले.

“काही नाही मामा. मुंग्या आल्या पायाला.”

“झोपून उठल्यावर हुतं तसं,” अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं बघून मोठ्यानं, “बोल्ट लई टाइट हुता म्हणून आणली गाडी. शोरूमवाले खामखा आवळून ठेवतात.”

“हाव ना. शोरूमवालेच,” जावई म्हणाले. पँटचा खिसा त्यांनी चिमटीत धरून मांडीपासून लांब केला होता.

शोरूमवाल्यांचा काही संबंध नव्हता. पण ते तिथं हजर नव्हते.

मी कामाला लागलो. गाडी सरळ करून जुनं ऑइल गळू दिलं. जुनं भोक ड्रिलनं थोडं मोठं केलं आणि टॅप मारला. टॅप म्हणजे नवे आटे पाडायचं हत्यार. टॅपला ग्रीस चोपडलं, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस इंजिनात न जाता ग्रीसला चिकटतो. लेथवर मापाचा नवा बोल्ट बनवला, तांब्याचा वॉशर घातला. थोडं ऑइल ओतून आतून धुऊन काढलं. मग बोल्ट बसवला, हातानं फिरवत नेला आणि शेवटी आखूड पान्यानं, मनगटाच्या जोरावर, बेताचा आवळला.

“अजून थोडा,” अप्पा म्हणाले.

“अजून थोडा,” जावई म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलले. मी पाना पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली.

संध्याकाळी अप्पांनी आग्रह करून जेवायला नेलं. नवं ऑइल घातलेली गाडी अंगणात उभी होती. अप्पा जावयाच्या पानात तूप वाढत म्हणाले, “गाडी चांगली ठिवलीय तुम्ही.” जावई म्हणाले, “तुमच्याकडूनच शिकलो, मामा.” शिवकांता खाली बघून वरण ढवळत होती. दोघंही अधूनमधून माझ्याकडं बघत होते. मी पानातून मान वर काढली नाही.

अक्का वाढायला आल्या. पोळीचं ताट खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, “आता एकानं पाइप लावायचा न्हाई आन दुसऱ्यानं लांबी लावायची न्हाई. दोघांनी बी त्या गाडीला हात लावायचा न्हाई.”

अप्पांनी जावयाकडं बघितलं. जावयांनी अप्पांकडं बघितलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच सासऱ्या-जावयाचं एकमत होतं.

“मी कुणाला काही सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“न्हाई, न्हाई,” अप्पा म्हणाले. “तू कशाला सांगशील.”

निघताना अक्का दारापर्यंत आल्या. हातात धोंड्यांचा डबा दिला. आवाज खाली करून म्हणाल्या, “शिवकांतानं मला केव्हाच सांगितलं हुतं लांबीचं. तिला भ्या वाटायचं गाडीवर बसायला, पर नवऱ्याला कसं बोलावं? म्हणून आज दुपारी जावई झोपल्यावर मीच ह्यांना म्हणलं, जावयाच्या गाडीचं ऑइल बघा जरा. ह्यांना जमायचं न्हाई, तुमाला बोलवावं लागंल, हे मला ठाऊक हुतं. पाइप तर म्या खिडकीतनं बघितलाच.”

“मग अक्का, हे त्या दोघांना सांगा की. त्यांना वाटतंय मीच बोललो.”

“सांगू नका,” अक्का म्हणाल्या. “पोरीवर राग काढतील. तुमच्यावर काढू द्या.”

हे तिसरं गुपित. तेही मी सांभाळलं.

नवा बोल्ट अजून उत्तम आहे, असं शिवकांता एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. आता ती बिनधास्त मागं बसते. अप्पांचं शटर मात्र हल्ली दुसरा मिस्त्री बघतो. माझ्या पोटात काही राहत नाही, असं अप्पा गोलाईत सांगतात. नांदेडला जावईही तेच सांगतात म्हणे.

धंद्यातला माणूस म्हणून एवढंच सांगीन. ऑइलचा बोल्ट मनगटानं आवळावा, खांदा लावू नये. आणि गाडीवर सासरा आणि जावई दोघांचे हात फिरलेले असतील, तर छिन्नी काढायच्या आधी सासूबाईंना विचारावं.