येळवसेला आलेला कागद

लातूरला आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. आमचा म्हणजे माझा आणि ह्यांचा. धंदा छोटा, पण त्याची मानगूट कुणाच्या हातात आहे, हे त्या हिवाळ्यापर्यंत मला ठाऊक नव्हतं. चीननं परदेशातली रद्दी घेणं बंद केलं. त्यांना रद्दी नको होती, तयार कागद हवा होता. मग अमेरिकेतली रद्दी आपल्या बंदरात उतरायची, गुजरातमधल्या मिलमध्ये तिचा लगदा व्हायचा, रोल बनायचे आणि निघायचे चीनला. आमच्या वाट्याला फोनवरचं "माल नहीं है". ज्यांना दर दिवाळीला फराळ पाठवला ते मिलवाले आमचा नंबर बघून फोन उचलेनात. मला मुळातच स्वस्थ बसता येत नाही. त्यात हे म्हणायचे, "येईल गं." येईल म्हटल्यानं कागद येत असता तर आणखी काय हवं होतं!

माझ्या धाकट्या भावाची नांदेडजवळ, अर्धापूरकडं केळीची बाग आहे. त्याची केळी पहिल्यांदाच आखातात जाणार होती आणि खोकी मी द्यायची होती. बहिणीच्या खोक्यात भावाची केळी, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात हाव, आमच्याकडचं 'हो', म्हणून बसले होते. केळी हिरवी असतानाच कापावी लागतात. रंग फिरला की जहाजाला चालत नाहीत, मग गावातला व्यापारी देईल त्या भावात द्यायची. कापणी तोंडावर आली आणि गोदामात एक रोल नाही. मी मिलला रोज फोन करायचे आणि भावाला करायचं टाळायचे.

शेवटी मिलच्या माणसानं फोन उचलला. चीनला निघालेला एक ट्रकभर माल कंटेनर न मिळाल्यानं अडकला होता, तो त्यानं आम्हाला द्यायचं कबूल केलं. कधी पोचेल ते ऐकलं आणि मी कॅलेंडर बघितलं. नेमकी येळवस, वेळ अमावस्या! त्या अमावस्येला लातुरात माणूस शोधून सापडत नाही, सगळं शहर शेतावर पूजा करून भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील खायला गेलेलं असतं. रोल उतरवणार कोण? मी म्हणाले, एक दिवस पुढं ढकला. "वेळ अमावस्या? वो क्या होता है?" त्यानं विचारलं. वर बजावलं की संध्याकाळपर्यंत माल उतरला नाही, तर ट्रक पुढं हैदराबादला जाईल, तिथं गिऱ्हाईक तयार आहे.

आमच्या शिरूर अनंतपाळच्या शेतावर पूजा ह्यांच्याच हातची असते, म्हणून ह्यांना मीच पाठवून दिलं होतं. ट्रक सकाळी आला. रस्ता रिकामा, ड्रायव्हर कुरकुरतोय, हमालांच्या मुकादमाचा फोन लागत नाही. मग मी ड्रायव्हरलाच स्कूटीवर मागं बसवलं, नाहीतर ट्रक घेऊन पसार व्हायचा, आणि शहराबाहेर मुकादमाच्या शेताकडं निघाले. येळवसेला बांधावरून कुणी तुम्हाला सुखानं जाऊ देत नाही. जो तो हात करून बोलावत होता आणि मी मान हलवत स्कूटी पुढं दामटत होते.

मुकादम पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपुढं नारळ फोडत होता.

"तात्या, ट्रक आलाय. आत्ताच्या आत्ता चला."

"आलाय तर आलाय की. आदी जेवा, अक्का. आज शेतातून उपाशी कोन जात न्हाई. पाव्हण्याला बी बसवा."

ड्रायव्हरनं भज्जी आणि बाजरीचे उंडे चापले आणि आंबील तर तांब्यानं प्यायला. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील नवख्याला झेपत नाही, डोळ्यांवर झापड येते. बाभळीखाली आडवा झाला तो घोरायलाच लागला. त्याच्या खिशातला फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. मिलचाच असणार. मी त्याला उठवलं नाही. हैदराबादच्या गिऱ्हाइकाची मला काडीचीही कीव आली नाही.

उन्हं कलल्यावर मुकादम उठला. "चला रे, अक्काचं काम करून टाकू." अंधार पडायच्या आत रोल गोदामात होते.

त्यानंतर आम्ही मशीन थंड होऊ दिलं नाही. खोक्यांच्या टेम्पोत मी स्वतः बसून अर्धापूरला गेले. बागेत निर्यातदाराचा माणूस उभा होता. मला बघून म्हणाला, "ताई, आले एकदाचे तुमचे बॉक्स! मी तुमच्या भावाला दुसरीकडचे देऊन राहिलो होतो, घेतलेच न्हाईत. अजून दोन दिवस गेले असते तर सगळा माल फुकट गेला असता."

मी भावाकडं वळले. "का रे घेतले नाहीस?"

तो फण्या धूत होता. मान वर न करता म्हणाला, "तू हाव म्हणली होतीस की, अक्का."

मी त्याला तिथंच, चारचौघांत, तोंडाला येईल ते बोलले. तो हसत हसत फण्या धूत राहिला. अख्खी बाग त्यानं माझ्या एका शब्दावर टांगून ठेवली होती आणि मला साधं कळवलंही नव्हतं.

केळी गेली. पण तेव्हापासून कुणाला हाव म्हणायची वेळ आली की माझी जीभ अडखळते.